बॉयलरचे मानकरी

गुजराती मुलखातल्या लिंबायत वस्तीत खानदेशी लग्नात माईक भिकनच्या हातात नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. टोपी-टॉवेलाच्या मानासाठी तो पाहुण्यांची नावं पुकारतो तेव्हा हातात चिठ्ठी नसते. कोण कुणाचा मामा, कुणाआधी कुणाला बोलवायचं, सगळं तोंडपाठ. पण हाच बहाद्दर बॉयलरच्या तोंडी परीक्षेत मूग गिळून बसला.

पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये तो बॉयलरवर हेल्पर. अटेंडंटची परीक्षा पास झाला तर बॉयलर त्याच्या ताब्यात येणार होता, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली कोळसा ओढायचा. साहेबांनी बॉयलर सुरक्षित ठेवणारे सात भाग विचारले आणि दोन सांगून याची गाडी अडली, नापास झाला.

बायको छायानं तोडगा काढला. अख्खं गणगोत ज्याच्या डोक्यात मावतं त्याला सात भाग जड का व्हावेत? एकेक भाग एकेका पाहुण्याला द्या, म्हणाली, आणि माईकवर पुकारता तसे पुकारा. भिकनला पटलं. सेफ्टी व्हॉल्व्ह सुकलालमामांना, कारण राग मावेनासा झाला की मामा ओरडून मोकळे होतात. पाणी दाखवणारी काच उषाआत्याला, कारण तिच्या पोटातलं सगळ्या गल्लीला दिसतं. असे सगळे बसले, फ्युजिबल प्लग मात्र रोज निसटायचा. तो कुण्या चुलत मेहुण्याच्या गळ्यात घातला होता.

छायानं विचारलं, पहिला मान कुणाचा?

पहिला मान थोरल्या भावाचा, बन्सीलालचा. पण भाचीच्या लग्नात घाईघाईत भिकननं व्याह्यांना आधी पुकारलं, आणि बन्सीलाल भरल्या ताटावरून उठून गेला. शेजारच्या गल्लीत राहूनही तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून भिकननं त्याला या ओळीतूनही वगळलं होतं.

"थोरल्याला सोडून मान द्यायला निघालात, मग ओळ लागणार कशी?" छाया म्हणाली. ते भिकनला झोंबलं, कारण खरं होतं.

रविवारी तो नवी टोपी आणि टॉवेल घेऊन भावाच्या दारात गेला. चूक झाली, म्हणाला, आणि परीक्षेची सगळी हकीकत सांगून टाकली. बन्सीलाल भिंतीकडे बघत ऐकत होता.

"त्यामा मी कोन शे?" अखेर त्यानं विचारलं.

"फ्युजिबल प्लग."

"तो काय करस?"

"पानी कमी व्हयनं का सोता वितळस, आग इझाडी देस. बॉयलर वाची जास."

बन्सीलालनं टोपी डोक्यावर घातली, धाकट्याला बस म्हणाला आणि आत चहा सांगितला. भिकनला रडू आवरेना, तेव्हा डोळे पुसायला त्यानं भावाचाच नवा टॉवेल उचलला.

पुढच्या परीक्षेत साहेबांनी तोच प्रश्न विचारला. भिकननं मनातल्या मनात माईक धरला आणि सातही भाग ओळीनं पुकारले. बाकीचे उमेदवार फ्युजिबल प्लग शेवटी सांगतात, यानं सगळ्यांत आधी सांगितला.

"आ पहेलो केम?" हा पहिला का, असं साहेबांनी गुजरातीत विचारलं.

"साहेब, घर में बडा वही है," भिकन म्हणाला.

निकाल कळताच त्यानं मिलमधून छायाला फोन केला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आला तर बातमी आधीच घरोघर पोचलेली. नवी टोपी घालून बन्सीलाल तिथं उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "आम्ही पास व्हयनूत."