झाकण उघडल्याची नोंद

राहुरीजवळच्या एका साखर कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत, मी सरांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. सर भिंगारचे. आधी लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेस दुरुस्त करायचे, निवृत्तीनंतर आमचा सर्व्हर सांभाळायला आले. सर्व्हर सुरू होताना आधी स्वतःला तपासतो आणि निकाल आवाजात देतो. सगळं ठीक असलं तर एकदा टीं, मेमरीत खोट असली तर तीनदा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि बोटं वर करायचे. एक बोट आलं की चहा. तीन आली की स्क्रूड्रायव्हर.

मशीन बिघाडांची नोंद स्वतःच ठेवतं. ती उघडली की लाल ओळींचा ढीग. मी सगळ्यात वरची, ताजी ओळ वाचायचो आणि ती पंख्याची असली की लगेच पंख्याला हात घालायचो.

"ही शेवटी रडलेली," सर म्हणायचे. "खाली जा. पहिलं कोण रडलं ते बघ."

गेल्या उन्हाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात तेवढा चालतो, वाचा गेली. मी भेटायला जायचो तेव्हा ते खिडकीकडे बघत राहायचे. मला ओळखतात की नाही, हे काकूंनाही सांगता यायचं नाही. मी कारखान्याच्या बातम्या द्यायचो, म्हणजे अध्यक्षांच्या सत्कारांच्या. दुसऱ्या बातम्या आमच्याकडे फारशा होत नाहीत. एरवी सर यावर हसले असते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. सर होते तोवर सर्व्हरला कधी कुंकू लागलं नाही. ते एक बाद कीबोर्ड पाटावर मांडायचे आणि सर्व्हरचा प्रतिनिधी म्हणून त्याची पूजा करून घ्यायचे. निवडून आलेल्या माणसांना प्रतिनिधी ही कल्पना चटकन पटते. यंदा मात्र अध्यक्षांनी विचारलं, "खरं मशीन कुठंय?" फेटे होते, फोटोवाला होता. मी सर्व्हर बंद केला, वर झाकणही काढून दिलं. ओल्या कुंकवाच्या अक्षता आत पडल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो आणि बटण दाबलं. टीं, टीं, टीं. पडदा काळा.

"नारळ नासका निघाला हुता, मी तवाच म्हनलं," शिपाईमामा दारातून म्हणाले. "पर आमचं कोन ऐकतंय?"

तीन टीं म्हणजे काय, हे मला पाठ होतं. तरी आवाज झाल्याबरोबर मान सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. मी भिंगारला फोन लावला.

"काकू, फोन जरा सरांच्या कानाला धरता?"

"अरे, त्यांना कळत नाही रे आता. परवा लेकीचा फोन आला, तर मान फिरवून बसले."

"बोलायचं काहीच नाही. नुसतं ऐकू द्या."

मी पुन्हा बटण दाबलं. तीन टीं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही. खिडकीकडेच बघतायत."

"आणि हात?"

"हात गोधडीत आहे, बाळा."

फोन ठेवून मी लॅपटॉप जोडला. मशीन सुरू होत नसलं तरी नोंद वाचता येते. वरच्या ओळी मेमरीच्या नावानं ओरडत होत्या. मी खाली गेलो, अगदी तळाशी. तिथे लिहिलं होतं, झाकण उघडलं. वेळ आरतीची. माझं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं.

मेमरीच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या. चौथीच्या खाचेत तांदळाचा एक गुलाबी दाणा अडकला होता, भोवती कुंकवाचा वाळलेला लगदा. ब्रश आणि स्पिरिटनं खाच साफ केली, वाळू दिली, पट्ट्या बसवल्या. बटणावर बोट ठेवलं आणि थांबलो. पुन्हा फोन लावला.

"काकू, एकदाच. आणि त्यांचा हात गोधडीबाहेर काढा."

"काय चाललंय तुझं?" पण गोधडीची सळसळ ऐकू आली.

बटण दाबलं. पंखे घुमले. टीं.

दुसरा आला नाही. पडद्यावर अक्षरं उमटत होती; मी बघत नव्हतो.

"अरे," काकू म्हणाल्या, "एक बोट वर केलंय. पाणी मागतायत का रे?"

"नाही काकू," मी म्हटलं. "चहा. त्यांना चहा द्या."