नाव नसलेली बाटली

वीस वर्षं मी दूध तपासते आहे. टँकरच्या झाकणाखालचा आंबूस वास, गाळणीत अडकलेल्या माश्या, एकदा तर अख्खी पाल, हे सगळं बघून मी हात धुते, डबा उघडते आणि पोटभर जेवते. मला सहसा किळस येत नाही. त्या वर्षी आली, आणि ती दुधाची नव्हती.

आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघं. मी सगळ्यात जुनी. दुसरे चाखणारे काका. टँकर आला की त्यातला घोट जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचा, हे त्यांचं काम. तिसरा दुपारच्या पाळीचा टेस्टर. त्याचा माणसांपेक्षा यंत्रावर जास्त विश्वास. आणि चौथी धाकटी. नोकरीला लागली तेव्हा वयानं सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. पुढे लग्न झालं, मूल झालं, तरी नाव तेच चिकटलं.

धाकटीची मुलगी जन्मली ती फाटलेला ओठ आणि फाटलेली टाळू घेऊन. अशा बाळाला अंगावरचं दूध ओढता येत नाही. वरचं दूध दिलं की ती ओकून टाकायची. डॉक्टरांनी सांगितलं, वजन पाच किलो भरू दे, मग ओठ शिवू. तोवर आईनं पंपानं दूध काढायचं आणि वेगळ्या बाटलीनं थेंब थेंब पाजायचं. बाकी काही नाही. पाच किलो.

रजा संपवून धाकटी परत आली तेव्हा मुलगी साडेतीन महिन्यांची होती आणि वजन चार किलो दोनशे. पंपाबद्दल ती आता आमच्या मशीनवाल्या मिस्त्रीसारखी बोलायची. "पहिले दोन आठवडे रक्त यायचं, ताई. मला वाटलं असंच असतं. मग नर्सनं बघितलं तर पंपाचं तोंडच माझ्या मापाचं नव्हतं. केवढं मोठं! कुणी सांगतच नाही." दिवसातून आठ वेळा काढायचं, पहाटेची पाळी कधी चुकवायची नाही. आधी गरम फडकं, शेवटी हातानं दाबून उरलेलं घ्यायचं. ताजं कोमट दूध गार दुधात तसंच ओतायचं नाही, आधी गार करायचं. पंपाचे भाग बेसिनमध्ये नाही, त्यांच्या वेगळ्या टोपात धुवायचे. आणि काढताना बाटलीकडे बघायचं नाही, म्हणून ती बाटलीवर बाळाचा मोजा चढवायची. "बघत बसलं की येत नाही. छाती मोजते हो आपल्याला. जेवढं मागाल तेवढंच उद्या देते. एक पाळी चुकली की ती समजते, आता गरज नाही."

कामावर असताना तिला दोन वेळा काढावं लागायचं. साहेबांकडे खोली मागायला मी तिच्याबरोबर गेले. साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बाथरूम आहे की."

आता ऐका. आमच्या प्रयोगशाळेत गाईच्या दुधाचा नमुना आणायचा तर डोक्याला टोपी, कोपरापर्यंत हात धुतलेले, पायात वेगळ्या चपला. मोरीजवळ बाटली ठेवली तर लेखी समज मिळते. आणि एका लेकराच्या तोंडात जाणारं दूध मात्र संडासाच्या झाकणावर बसून काढायचं. तिथल्या फरशीवर कायम कसलंतरी पाणी, भिंतीला ओल, हात पुसायचं फडकं हिरवट काळं पडलेलं. धाकटी पंपाची पिशवी मांडीवर धरून बसायची, कारण खाली ठेवायला जागाच नव्हती. मी बाहेर दार धरून उभी राहायचे आणि आतून त्या पंपाची घरघर ऐकू यायची. त्या दिवसांत माझा डबा न उघडताच घरी परत जायचा.

त्यात काकांचं नाक मुरडणं. धाकटीनं पहिली बाटली नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा ते म्हणाले, "ई! हे इथे? कसंतरीच वाटतं बघून." दिवसाला पन्नास अनोळखी गाईंचं दूध तोंडात घेणारा माणूस. मी म्हटलं, "काका, तुम्हाला कुणी चाखायला सांगितलेलं नाही." पण त्यांचं तोंड वाकडं ते वाकडंच.

आणि मग मी शेण खाल्लं. शहाणपणानं मी धाकटीला म्हटलं, "बाटलीवर नाव नको लिहूस. साहेब फ्रिज उघडतात, उगाच डोळ्यावर येईल. तारीख आणि वेळ लिही, बस झालं." तिनं ऐकलं. मोठी ताई सांगते म्हणजे बरोबरच असणार.

आमच्याकडे फ्रिजमधल्या ज्या बाटलीवर तारीख आणि वेळ आहे, ती बाटली म्हणजे नमुना. हे मला माहीत नव्हतं का? वीस वर्षं मीच त्या चिठ्ठ्या लिहिते आहे.

दुपारच्या टेस्टरला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी त्यानं दोन बाटल्या काढल्या आणि यंत्राला लावल्या. मी आत आले तेव्हा तो खुशीत होता. "ताई, भेसळ पकडली. प्रोटीन जेमतेम एक टक्का. पाणी ओतलंय, आणि वर गोडी भरायला साखर टाकलीय. चोर हुशार आहे." त्यानं लाल शेरा मारलेला कागद दाखवला. नियमाप्रमाणे नापास नमुना ओतूनही टाकला होता. बेसिनच्या जाळीवर पांढरं पाणी अजून निथळत होतं. दोनशे चाळीस मिली.

धाकटी माझ्या मागेच उभी होती. तिनं रिकाम्या बाटल्या उचलल्या, पिशवीत घातल्या.

खरं कळल्यावर टेस्टर पांढरा पडला. पण काका हसले, आणि कुणीतरी वर जाऊन सांगितलं. साहेब खाली आले. "नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ही असली घाण ठेवायची परवानगी कुणी दिली?"

घाण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "साहेब, घाण बघायचीय तर चला, तुमचं बाथरूम दाखवते. स्वतःचा डबा तिथे बसून खाऊन दाखवा." ते खाकरले आणि निघून गेले. तोंडावर बोलल्याचं मला दोन मिनिटं बरं वाटलं. पण बाटलीवर नाव का नव्हतं, हे मी तिथे बोलले नाही. सगळे टेस्टरला हसत होते, आणि मी त्यांना हसू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीनं कामावर पंप आणणं बंद केलं. चार दिवस. छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, ती वरून कोट घालून नमुने तपासत राहायची. पाचव्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच नमुन्यांच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली, स्टूल पुसून दिलं. टेस्टर स्वतःहून बाहेर राखणीला बसला. तिनं बाटलीवर मोजा चढवला. वीस मिनिटांनी काढला तर तळाशी साठ मिली. आधी तिथे एकशे वीस असायचं. तीच म्हणाली, "येईल परत. दर दोन तासांनी काढते आता."

आलंही, पण हळूहळू. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात वजन झालं. चार किलो नऊशे वीस. डॉक्टरांनी तारीख महिनाभर पुढे ढकलली. ऐंशी ग्रॅम कमी पडले. आमच्या काट्यावर एवढ्याला कुणी विचारत नाही.

सोमवारी ती कामावर आली. मी नमुन्यांच्या खोलीतच सांगून टाकलं, "नाव नको लिहू म्हणून सांगणारी मी. त्या दिवशी साहेबांपुढे बोलायला हवं होतं." मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे ताई. ती तसं म्हणाली नाही. पंप आवरला, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि खिशातला मार्कर माझ्या हातात दिला.

"लिहा."

मी तिचं नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक. गोल बाटलीवर आडनाव वाकडं आलं. तिनं ते वाचलं, बाटली फ्रिजच्या सगळ्यात वरच्या फळीवर पुढे ठेवली आणि हात धुवायला गेली.