ती आता इथे राहत नाही

“पोरगी इंग्लिशमधी बोलती त्यांच्याशी. मंग जरा दबून राहतेत ते.”

बाबा ओट्यावर उभे राहून शेजारच्या काकांना सांगत होते. मी आत दाराशी बसून पोळ्या लाटत होते. बाबांच्या आवाजात अभिमान होता. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तो आवाज मी ऐकला होता, त्यानंतर फारसा नाही. ‘ते’ म्हणजे फायनान्स कंपनीचे वसुलीवाले.

“म्हणजे शिकवल्याचं चीज झालं,” काका म्हणाले. चेष्टेनं म्हणाले की मनापासून, ते मला भिंतीपलीकडून कळलं नाही. हातातली पोळी फाटली. मी ती बाजूला ठेवली. फाटलेल्या पोळ्या डब्यात जात नाहीत, त्या आम्ही खातो.

डबे आईचे. मुकुंदवाडीत आमच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी मुलं आहेत, क्लासची, कंपनीत लागलेली. त्यांचे चौदा डबे सकाळी साडेनऊला निघतात. आमचं घर सध्या त्या डब्यांवर चालतं आणि बाबांना मिळतील त्या दिवसांवर. दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला की बाबांना बोलावणं येतं.

पूर्वी बाबांची स्वतःची गाडी होती. शेंद्र्याच्या एका कारखान्याची माणसं ने-आण करायला त्यांनी सतरा सीटची गाडी कर्जावर घेतली. त्यांचे वडील करमाडच्या पुढे मेंढरं राखायचे, अजूनही चार शेळ्या आहेत त्यांच्याकडे. गाडी दाखवायला नेली तेव्हा आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती, जनावराला मारतात तशी. तीन वर्षं गाडी नीट चालली. मग कारखान्यानं ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराकडे त्याच्या गाड्या होत्या. हप्ते थकले. एका सकाळी फायनान्स कंपनीची दोन माणसं आली आणि किल्ली मागून गाडी घेऊन गेली.

गाडी गेली म्हणजे कर्जही गेलं, असं आम्हाला वाटलं. मलाही वाटलं, आणि मी कॉमर्सची पदवी घेतलेली आहे. दोन महिन्यांनी पत्र आलं. लिलावात गाडीचे जेवढे आले ते वजा जाता बाकी अजून खूप होती. पत्र इंग्रजीत होतं. मी ते आईबाबांना मराठीत वाचून दाखवलं. दारात नसलेल्या गाडीचे पैसे अजून द्यायचे आहेत, हे सांगायला मला सोपं वाक्य सापडेना. आईनं विचारलं, “मंग गाडी परत देतेत का?” बाबा उठून बाहेर गेले आणि ओट्यावरचं पाणी झाडूनं लोटत बसले.

कर्जाचा फॉर्म मीच भरला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा. त्यात एक चौकट होती, संदर्भासाठी आणखी एका व्यक्तीचं नाव आणि नंबर. बाबा म्हणाले, तुझाच टाक. मी चांगल्या अक्षरात टाकला.

बाबांनी आपला फोन आता मुका करून ठेवला आहे. तो फ्रिजवर विणलेल्या रुमालाखाली असतो. बाबांना फोनवर हळू बोलता येत नाही. पलीकडचा माणूस शिवाराच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे असंच ते बोलतात, सगळ्या गल्लीला कळतं. वसुलीवाल्यांशी मात्र त्यांचा आवाज इतका खाली जायचा की समोरचा ओरडायचा, “जोरसे बोलो चाचा!” ते ऐकवत नव्हतं. म्हणून एकदा फोन त्यांच्या हातातून घेऊन मीच बोलले. लाजरी माणसं दुसऱ्या भाषेत जरा धीट होतात. माझी इंग्रजी शाळेतली, खोट्या शिष्टाचाराची. समोरचा गोंधळला आणि नंतर करतो म्हणाला. त्या दिवसापासून ते काम माझं झालं.

पण माझा फोन मला मुका करता येत नाही. मी सहा महिने नोकरी शोधते आहे. अर्ज केलेल्या जागा मोजायचं मी सोडलं आहे. कुठूनही, कधीही फोन येऊ शकतो, अनोळखी नंबरावरून. वसुलीवालेही अनोळखी नंबरावरूनच करतात, रोज नव्या. दोघंही आधी माझं पूर्ण नाव घेतात. दोघांच्याही मागे तोच आवाज असतो, एका खोलीत पुष्कळ माणसं एकाच वेळी बोलत असल्याचा. पहिल्या दोन सेकंदांत ओळखायचं असतं. मला बहुतेक वेळा ओळखता येतं, असं मला वाटायचं.

वसुलीवाले बाबांऐवजी माझ्याच मागे लागले, बाकी तू भर म्हणायला लागले, तेव्हा बाबांनी तोडगा काढला.

“लगीन झालं म्हणून सांग. इथं नाय राहत म्हण. काय करतेत मंग?”

आई चिडली. “पोरीचं असलं अभद्र काय बोलता?”

“लग्न अभद्र असतं व्हय?” बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो होतो.

तर असं माझं लग्न झालं. मग मी स्वतःच्याच फोनवर स्वतःबद्दल सांगायला लागले, की ती आता इथे राहत नाही. फोन खरंच कमी झाले. वाक्य तोंडात बसलं.

मार्चमध्ये शेंद्र्याला, बाबांची गाडी जायची त्याच कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. खरेदी विभागात सहायक. मी काळीपिवळीनं गेले, जालना रोडवरून, ओढणीनं तोंड बांधून. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टरमध्ये माझं आडनाव वाचलं आणि वर पाहिलं.

“सतरा सीटरवाल्यांची पोरगी का तू?”

मी हो म्हणाले.

“लई चांगला माणूस. कधी गाडी उशिरा नाय आणली. जा, टेन्शन नको घेऊ. मॅडम चांगल्या आहेत.”

मॅडम खरंच चांगल्या होत्या. मला मुलाखतीत बोलता येत नाही. उत्तरं माहीत असतात, पण ती बाहेर येईपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. या बाई थांबल्या. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाल्या, गुरुवारपर्यंत फोन येईल, फोन चालू ठेवा. पगार सांगितला. परतताना मी तो पगार तीन भागांत वाटला, एक आईसाठी, एक कर्जाच्या बाकीसाठी, एक माझ्यासाठी. माझा भाग सगळ्यात लहान ठेवला, म्हणजे देव हावरी म्हणणार नाही. घरी मी एवढंच सांगितलं की बरी झाली. आईनं त्या आठवड्यात मला मिरच्या निवडू दिल्या नाहीत. हात भाजतील, म्हणाली, ऑफिसात बसायचंय.

गुरुवारी दुपारी ताईच्या सासूबाई आल्या. ताईचं सासर करमाडला आहे. त्या दवाखान्यात आल्या होत्या, जाताजाता टेकल्या. गाडी ओढून नेली हे त्यांना माहीत नाही. त्यांना सांगितलं आहे की चांगली किंमत आली म्हणून विकली. त्या आल्या की आमचं घर वेगळं वागतं. बाबा कडक कपडे घालतात, आई चहात दूध जास्त घालते.

त्या दिवाणावर बसल्या होत्या. फोन वाजला. शहराचाच नंबर, लँडलाइनसारखा. मागच्या दोन दिवसांत तसल्याच नंबरांवरून वसुलीवाल्यांनी तीनदा फोन केला होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाबाही बघत होते, आणि त्यांचा कप बशीवर थोडा हलत होता. आत जाऊन बोलावं तर स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. मी तिथेच उचलला.

मागे तोच आवाज. एका बाईनं माझं पूर्ण नाव घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, मी यांच्याशी बोलते आहे का?

मी इंग्रजीत म्हणाले, नाही. तिचं लग्न झालं. ती आता इथे राहत नाही. कृपया पुन्हा फोन करू नका.

 मग ती बाई म्हणाली, “ओह. सॉरी हं. थँक यू.” आणि फोन ठेवला.

वसुलीवाले कधी सॉरी म्हणत नाहीत.

“काय फाडफाड बोलती हो!” सासूबाई आईला म्हणाल्या. “आमच्या सुनंला नाय येत असं. मॅरेज म्हणली ना? कुणाचं गं?”

“मैत्रिणीचं,” मी म्हणाले.

“अगंबाई. आन् तुझं कधी?”

सगळे हसले. बाबा सर्वांत मोठ्यानं. त्यांचा कप आता हलत नव्हता. मी खारी आणायला म्हणून आत गेले आणि पडद्याआड उभी राहून त्या नंबरावर फोन लावला. या नंबरावर येणारे फोन घेतले जात नाहीत, असं एका नोंदवलेल्या आवाजानं तीन भाषांत सांगितलं. मी तिन्ही ऐकल्या. मग बशीत खारी मांडली आणि बाहेर आले. सासूबाई आणखी तासभर बसल्या. त्या तासात मी काय बोलले, मला आठवत नाही. खारी संपली होती एवढं आठवतं.

रात्री मेल लिहिला. चारदा लिहिला. काय झालं ते खरं लिहायचं म्हणजे कंपनीला कर्ज सांगायचं. पैशाचं काम, खरेदीचं, आणि घरी वसुलीवाले. कोण घेईल? शेवटी लिहिलं की घरातल्या कुणीतरी चुकून चुकीची माहिती दिली. उत्तर आलं नाही. सकाळी डबे भरले आणि ग्रंथालयात जाते सांगून शेंद्र्याला गेले.

वॉचमननं ओळखलं. आत फोन लावला आणि रिसिव्हर खिडकीतून माझ्या हातात दिला. मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अहो, तुमचा मेल आत्ता वाचला. काल आमच्या ऑफिसातल्या मुलीनं फोन केला तेव्हा तुमचं लग्न झालं असं कळलं. आम्हाला सोमवारी माणूस हजर हवा होता. यादीत दुसरं नाव होतं, तिला लगेच कळवलं. ती हो म्हणाली.” मग थांबून, “तुमचंच नाव वर होतं.”

मी थँक यू म्हणाले. मी नेहमी थँक यू म्हणते.

रिसिव्हर परत देताना वॉचमननं विचारलं, “काय झालं?” मी म्हणाले, जागा भरली. तो म्हणाला, “बस पोरी, पाणी पी.” मी पाणी प्यायले. आतून कामावरची एक गाडी बाहेर आली, सतरा सीटचीच, पांढरी. तिचा नंबर बघायचा नाही असं ठरवून मी खाली बघत राहिले.

घरी तेवढंच सांगितलं, जागा भरली.

“वशिला!” बाबा म्हणाले. “लावला असंल कुणीतरी आपला माणूस. मला म्हायतीये ना ती लोकं.” त्या रात्री त्यांनी मला आग्रहानं जेवायला वाढलं, जे ते कधी करत नाहीत. आईनं पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी बाबा ओट्यावरून काकांना सांगत होते, पहिला नंबर आलता पोरीचा, वशिल्यानं घालवला. पहिल्या नंबराचं त्यांनी मनानंच रचलं होतं आणि ते खरं होतं. मी आत लाटत होते. बाहेर जाऊन त्यांना थांबवावं असं वाटलं. पण थांबवायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि मग त्या फोनच्या वेळी हलणारा कप, कडक शर्ट, फ्रिजवरचा रुमाल, सगळं त्यांच्या अंगावर पडलं असतं. तोडगा त्यांचा होता. मी पुढची पोळी लाटायला घेतली. गप्प राहायला मला कधीच कष्ट पडले नाहीत. पण त्या दिवसांत ते गिळलेल्या खड्यासारखं आत बसलं होतं.

त्यानंतर मी महिनाभर एकही अर्ज केला नाही. ग्रंथालयात जाते म्हणून निघायचे आणि खरंच ग्रंथालयात जाऊन बसायचे, पंख्याखाली. फोन उचलून नाव ऐकलं की क्षणभर मला खरंच कळायचं नाही, की मी आहे की नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाटकी वाटलं असतं.

परवा दुपारी बाबा दिवाणावर आडवे होते. चार दिवस बोलावणं नव्हतं. आई डबे गोळा करायला गेली होती. माझा फोन वाजला. लँडलाइनसारखा नंबर. मागे तोच आवाज. यावेळी बाई नव्हती, माणूस होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही, बाबांचं घेतलं, आणि विचारलं की ते कुठे आहेत.

बाबांनी डोळे न उघडताच हात वर केला आणि पंजा हलवला. नाही म्हण. मग, मी अजून बोलत नाही हे लक्षात येऊन, डोळे उघडले आणि ओठांनी सांगितलं, इंग्लिशमधी.

वाक्य तोंडात तयार होतं. इतकं तयार, की मी काही केलं नसतं तरी ते बाहेर पडलं असतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या बनियनला खांद्यावर भोक होतं. त्यांचा हात अजून वरच होता.

“बाबा घरीच आहेत,” मी मराठीत म्हणाले. “आणि मीही इथेच राहते. थांबा, त्यांना देते.”