ठोकेमामांचा कान

ठोकेमामा भट्टीतून ओतून आलेल्या कास्टिंगकडे कधी बघायचे नाहीत. साखळीच्या आकड्याला टांगलेला गाडीच्या चाकाचा ब्रेक ड्रम समोर आला की मान भिंतीकडे वळवायची, छोट्या हातोडीचा एक टोला द्यायचा आणि डोळे मिटायचे. आवाज घंटेसारखा लांबत गेला तर ‘जाऊ दे’, मध्येच बसला तर ‘काढ’. दिवसभर हे दोनच हुकूम. मी पहिल्यांदा विचारलं, “मामा, बघत का नाही?” तर म्हणाले, “बघितलं की कान आळशी हुतोय, पोरी. वरनं चकचकीत असतंय, तडा आत असतोय.”

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटाखेरीज कुठेच शिल्लक नव्हतं. गडहिंग्लजकडच्या एका गावातून तरुणपणी शिरोलीच्या या फाउंड्रीत आले, आधी भट्टीवर होते, मग ठोकण्याच्या कामावर आले आणि तिथेच केस पांढरे झाले. सकाळी सगळ्यांना जयभीम घालून हातोडी उचलायचे आणि संध्याकाळी जयभीम घालून ठेवायचे. मधल्या वेळात गप्पा मारलेल्या त्यांना चालत नसत. एकदा एका मुकादमाने शेजारी उभं राहून पोरीच्या लग्नाची हकीकत सुरू केली, तर मामांनी ओळच थांबवली. “लगीन हुंदे चांगलं. पण आधी ह्यो ड्रम बोलूंदे,” म्हणाले.

मी शाहूपुरीत दोन खोल्यांच्या ऑफिसात मोबाईलची ॲप्स बनवते. फाउंड्रीच्या मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “मामा किती दिवस पुरणार? त्यांचा कान फोनमध्ये उतरवून द्या. फोन काय, सगळ्यांच्याच खिशात आहे.” मी चटकन ‘होईल’ म्हटलं. त्या काळात मला स्वतःचं फार कौतुक होतं.

मामा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “उतरव की! मी काय वर घिऊन जाणार हाय व्हय?” पण त्यांची एक अट होती. आधी माझा कान तयार व्हायचा, मग फोनचा. पंधरा दिवस त्यांनी माझ्या हातात हातोडी दिली. मी ‘जाऊ दे’ म्हटलं की हे ‘काढ’ म्हणायचे, आणि सगळ्या कामगारांसमोर विचारायचे, “काय गं, कान घरीच इसारलीस?” सोळाव्या दिवशी तडा गेलेला एक ड्रम मला बरोबर ओळखता आला. मामांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि खर्डा माझ्यापुढे सरकवला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मग फोनची पाळी आली आणि सगळं बिनसलं. मामांचा हात चपळ, एक ठोकला की लगेच पुढचा. फोनचं उत्तर मात्र उशिरा यायचं. पडद्यावर लाल दिवा लागायचा तेव्हा मामा पुढच्या ड्रमवर असायचे, आणि कामगार तोच चांगला ड्रम काढून ठेवायचे. मामा हसून म्हणाले, “ह्यो मागच्याचं उत्तर फुडच्याला देतोय की!” मी त्यांना प्रत्येक ड्रमपाशी थांबायला सांगितलं. ज्या माणसाने मुकादमाच्या गप्पांनाही दाद दिली नाही, तो एका फोनसाठी थांबू लागला.

दुसरी खोट मात्र मामांनीच आधी पकडली. ते फोनवर बोलायला नाखूश असत. एकदा लेकीचा फोन ठेवता ठेवता म्हणाले, “माझी लेक गोठ्यात हुबी ऱ्हाऊन बोलती. बाजूला म्हस वरडत असती. पण फोनात म्हस येत न्हाय. कुठं जाती ती?” मी हसले. घरी जाताना बसमध्ये हसू थांबलं. मामांची म्हैस जिथे जात होती तिथेच आमच्या ड्रमचा आवाजही जात होता. फोन आवाज जसाच्या तसा माझ्या ॲपला देतच नव्हता. आधी तो स्वतः साफ करायचा, माणसाचं बोलणं ठेवायचा आणि बाकीचं गोंगाट समजून दाबायचा. चांगल्या ड्रमचा लांबत जाणारा नाद त्याच्या लेखी पंख्याची घरघर होती. तडा गेलेल्याचा बसका आवाज तो उलट फुगवून द्यायचा. माझ्यापर्यंत येईतो चांगलं आणि वाईट जवळजवळ सारखं झालेलं असे.

हे रडगाणं माझ्या एकटीचं नव्हतं. तबला जुळवायचं ॲप करणारे, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही करू पाहणारे, छातीतली घरघर तपासणारे, सगळे वर्षानुवर्षं फोन बनवणाऱ्यांना एकच विनवत होते, की आवाजाला हात लावू नका, आला तसा आणि आला त्या क्षणी आम्हाला द्या. मीही त्यांच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं. उत्तर आलं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. तेच उत्तर माझ्या आधीच्या शंभर जणांना गेलेलं तिथे दिसत होतं. वेगळा माईक घेऊ या, म्हणून मी मालकांना सुचवलं, तर ते म्हणाले, “मग फोनचा उपयोग काय?”

मामांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते मालकांपेक्षा लवकर कळलं. “म्हंजी तुझ्याकडं कान न्हाईच. दुसराच कोनतरी ऐकनार, त्याला आवडंल त्येवढं तुला सांगनार, आन् तू आमाला सांगनार.” मग म्हणाले, “चाकात ड्रम फुटला तर गाडी थांबत न्हाय, पोरी. ध्यानात असूंदे.”

तरीही मी ॲप पुरं केलं. मामांचे निकाल पुढ्यात ठेवून आकडे इकडे तिकडे हलवले आणि मालकांच्या फोनवर ते बरेचसे जुळवून आणले. मालकांसमोरच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी चांगल्या माईकवर आणि फोनवर तेच ड्रम एकाच वेळी ऐकले. फोन चुकतो हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं. त्यात काही शंका उरली नव्हती.

चाचणीला वीस ड्रम टांगले. सतरांच्या बाबतीत मामा आणि फोन एकमताचे. उरलेल्या तिन्हींना मामा ‘काढ’ म्हणाले आणि फोनने हिरवा दिवा दाखवला. मामा शांतपणे म्हणाले, “फोडून बघा.” मालकांनी फोडायला नकार दिला आणि माझ्याकडे वळले, “मॅडम, तुमचं काय म्हणणं?” सगळे कामगार माझ्याकडे बघत होते. मला म्हणायचं होतं, मामा बरोबर आहेत. मी म्हणाले, “ॲप अजून शिकतंय, पण साधारण बरोबर आहे.” मालकांनी त्यातलं ‘बरोबर’ तेवढं उचललं. ते तीन ड्रम गाडीत चढले.

“मामांचा कान आता गेला,” असं दुसऱ्या दिवसापासून फाउंड्रीत सुरू झालं. मामांना गेटवर बसवलं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. मालकांनी सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, आणि मामांचा कान आपण ‘जपून ठेवला आहे’ असं फोन उंच धरून सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मामा दोन शब्द बोलायलाही उठले नाहीत. जाताना माझ्याजवळ थांबून इतकंच म्हणाले, “जेवत जा येळंवर.” त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांनी बाजारात एक नवा फोन आला. त्यात आवाज कच्चा, कुणी हात न लावलेला, मागता येत होता. मी फाउंड्रीच्या भंगारातून जुन्या फोनने पास केलेले आणि पुढे गिऱ्हाइकाकडून परत आलेले ड्रम मागवून घेतले. नव्या फोनने त्यातल्या एकाला लाल दिवा दाखवला. मी तो फोडून घेतला. आत तडा होता. त्याच रविवारी एसटीने मामांच्या गावी गेले.

मामा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. तब्येत उतरली होती. मी बसले आणि म्हटलं, “मामा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं.”

“त्ये मला म्हाईत हाय की. तुला कवा कळलं?”

आत्ता, असं म्हणता आलं असतं. नवा फोन पिशवीत होता, पुरावाही होता. पण माझ्याच्याने ते झालं नाही. “आदल्या दिवशी,” मी म्हटलं.

मामांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, “आन् ह्ये मला सांगाय आलीस व्हय? मला सांगून काय हुतंय? मालकाला सांग जा. त्ये तीन ड्रम कुठल्यातरी गाडीला बसल्यात. त्या गाडीत मानसं बसत्यात.”

मी उद्याच सांगते म्हणाले. मामींनी दिलेला चहा संपवला आणि परतीची गाडी धरली. तो उद्या उजाडला, त्यानंतरचेही पुष्कळ उजाडले. मालकांकडून मला कामं मिळत होती.

मामा गेल्याचं मला मालकांकडूनच कळलं. दुसऱ्या एका ॲपसाठी त्यांनी फोन केला होता. बोलण्याच्या ओघात म्हणाले, “आपले ठोकेमामा गेले हो. चांगला माणूस. शेवटी शेवटी कान गेला होता बिचाऱ्याचा.” पलीकडून मालकांनी “हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “येतंय,” आणि नवीन काम कधीपासून सुरू करायचं ते विचारलं.