चुन्याची भिंत

आमच्या आत्यानं आयुष्यात तीन पुरुषांना बदडलं. पहिला तिचा नवरा, दुसरा एक मुकादम आणि तिसरे माझे बाबा, म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. पहिल्या दोघांबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. तिसऱ्याबद्दल बाबा हयात असेपर्यंत घरात कुणी चकार शब्द काढत नसे. आता बोलायला हरकत नाही.

नवरा आसगावचा. मारायची त्याची ठरलेली जागा म्हणजे स्वयंपाकखोली. तिला दार एकच, आणि तो त्या दारातच उभा राहायचा. सात वर्षं आत्यानं मार खाल्ला. मग एका सकाळी चुलीजवळची लोखंडी फुंकणी तिच्या हाती लागली आणि त्याचं मनगट मोडलं. तो कळवळून खाली बसला, तशी ती त्याला ओलांडून बाहेर पडली आणि भंडाऱ्याला एसटी बदलून करडीला माहेरी आली. डाव्या कानातून रक्त येत होतं. तो कान कायमचा गेला. पुढं कुणी शहाणपण शिकवायला आलं, "परत काहून नाही जात वं?" म्हणालं, की आत्या मुद्दाम डावा कान पुढं करायची. "या बाजूनं आयकू नाही ये," म्हणायची. समोरचा दमून गेला की खुदकन हसायची.

धानाच्या रोवणीत तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. बायकांच्या ओळीत ती सगळ्यात पुढं, आणि तिच्या मागच्या बायांना मुकादमाचं भय नाही. एका मुकादमानं एका पोरीचा हात धरला, तेव्हा आत्यानं त्याची मान धरून तोंड बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात दाबलं. नाकातोंडात चिखल जाऊन तो हातपाय झाडायला लागला, तेव्हा सोडलं. "रोपाची पेंडी बुडवून ठेवा लागते, मंग सुकत नाही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकून रोवू लागली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हा बाबा तिकडं कारकून होते. खटपट करून त्यांनी भंडाऱ्याला बदली मिळवली आणि करडीला आमच्या जागेवर पक्कं घर बांधायला काढलं. ते होईस्तोवर आम्ही तिघं शेजारच्या मातीच्या घरात आत्याजवळ राहिलो. मी तेव्हा कॉलेजात होते.

बाबा आईला मारत. रोज नाही, पण भाजीत मीठ जास्त पडलं एवढं कारण पुरायचं. मला तर ते ऊन-पावसासारखं वाटायचं. आलं की आपण आडोशाला जायचं. आत्यापुढं बाबा महिनाभर सांभाळून होते. मग एका दिवशी आईच्या गालावर उमटलेली चार बोटं आत्यानं पाहिली. आईला काही विचारलं नाही. मला म्हणाली, "नव्या घराचा नकाशा दाखव बरं."

नकाशा भंडाऱ्याच्या इंजिनेरानं काढला होता. आत्याला वाचता येत नव्हतं. "सयपाकखोली कोणची?" मी बोट ठेवलं. "दारं किती?"

"एक."

ती तशीच नकाशा घेऊन बाबांकडं गेली. मागच्या भिंतीला दार हवं म्हणाली. बाबा म्हणाले, "मांगून चोर येतीन. अन् ओटा आखूड होते."

"चोराचं भेव मले नोको सांगू. बाईले निंगाले जागा पायजे."

"घरातून बाई काहून निंगंल?"

आत्यानं आईकडं पाहिलं. आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. बाबांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

आखणीच्या दिवशी मिस्त्रीनं खुंट्या ठोकल्या, सूत ताणलं आणि चुन्याची फक्की ओढली. मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचं घर उभं राहिलं. आत्या आली, तिनं स्वयंपाकखोलीची मागची रेघ पायानं तीन फूट पुसली. मिस्त्रीनं पुन्हा ओढली. तिनं पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा बाबा ओरडले, "हे काय करून राहिली तू? मिस्त्री, ओढ रेघ." रेघ ओढली गेली.

तेव्हा आत्यानं बाबांचा हात धरून त्यांना स्वयंपाकखोलीच्या पुढच्या रेघेवर, एकुलत्या दाराच्या जागी उभं केलं. स्वतः आत गेली. "ऱ्हाय इथंच. आता मी तुही बायको. मार मले."

"पागल झाली का?"

"बायकोले मारतोस, मले काहून नाही?"

आणि तिनं बाबांच्या थोबाडीत दिली. एक, दोन, तीन. मिस्त्री, दोन मजूर, चहा घेऊन आलेली आई आणि मी, सगळ्यांसमोर. कारकून माणूस, गावात त्यांना सगळे साहेब म्हणत. बाबांचे डोळे फिरले. खुंट्यांसाठी आणलेला बांबू त्यांनी उचलला आणि आत्याच्या खांद्यावर घातला. ती मागं सरकली. दुसरा पाठीवर बसला. ती कोपऱ्यात गेली आणि मागच्या भिंतीच्या रेघेशी थांबली. तिच्या टाचेमागं वीतभरावर लाखोरीचं मोकळं शेत होतं. एक पाऊल टाकलं असतं तर सुटली असती. पण ती कोपऱ्यात अंग चोरून खाली बसली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. बांबू हातांवर, खांद्यावर पडतच राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"बाई, निंगा ना भायेर!" मिस्त्री ओरडला.

"कोठून निंगू? भित हाये ना," आत्या म्हणाली.

मला बाबांची किळस आली, आणि स्वतःचीही, कारण मी जागची हलले नव्हते. हलली ती आई. तिनं चहाची किटली खाली ठेवली. शेतातून वळसा घालून ती मागच्या बाजूला आली आणि वाकून दोन्ही हातांनी चुना पुसला. चांगला पुसला, खालची माती दिसेपर्यंत. मग आत्याला काखेत धरून उठवलं आणि तिथून बाहेर नेलं. बाबा बांबू घेऊन तसेच उभे. मिस्त्रीनं चाचरत विचारलं, "साहेब, दार किती फुटाचं धरू?"

आई शेतातूनच म्हणाली, "दोन बाया संगं निंगतीन एवढं."

घर झालं. बुद्धवंदना घेऊन आम्ही राहायला गेलो. बाबा काही एका दिवसात संत झाले नाहीत. पहिल्याच वर्षी पुन्हा एकदा हात उगारला. आई मागच्या दारानं निघून बांधावर जाऊन बसली. चुलीवर वरण करपलं. बाबांनी रिकाम्या खोलीत उगारलेला हात हळूहळू खाली घेतला. त्यानंतर ते नुसतेच ओरडत. आत्याचा उजवा हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. रोवणी सुटली. पावसाळ्यात बायांची ओळ बांधीत उतरली की ती घरापुढच्या सपरीत, ओसरीवर, पाठ फिरवून बसायची.

गावानं त्या दिवसाची गोष्ट करून टाकली. भावाला धडा शिकवायला बाईनं हाड मोडून घेतलं, पण रेघ ओलांडली नाही, असं बाया लेकींना सांगत. मीही कॉलेजात मैत्रिणींना असंच सांगितलं होतं. मला तिचा फार अभिमान होता.

शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत होते. म्हटलं, "आत्या, तू खरी धीराची. मी असते तर पहिल्याच फटक्याला चुन्यावरून उडी मारून पळाले असते."

तिनं चांगला कान माझ्याकडं केला. मी पुन्हा म्हटलं.

"धीर कायचा वं पोरी," ती म्हणाली. "पयल्या फटक्यानंतर मले चुना दिसलाच नाही. आसगावची भित दिसली. तुही माय आली नसती तं मी तेथंच मेली असती."