भाऊजींचे स्पीकर, ताईचे कान

माझ्या भाऊजींना अख्खा कारखाना 'कानसेन' म्हणायचा. गाण्यामुळे नव्हे, बेअरिंगांमुळे. चालू यंत्राला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "डावीकडचं गेलंय. फार दिवस काढणार नाही." यंत्र उघडलं की डावीकडचंच गेलेलं असायचं. माणसाला आपल्या कानांचा गर्व होता, आणि तो अगदीच अनाठायी होता असं मला म्हणता येत नाही. म्हणायला आवडलं असतं.

दुसरा गर्व मापाचा. "मापात पाप नाही," हे त्यांचं पालुपद. भिंतीवर चित्र टांगायचं तरी पाणसळ लावून. माझ्या थोरल्या बहिणीनं सगळा संसार त्या पाणसळीच्या साक्षीनं केला, आणि वर हसतमुख राहिली. मी असते तर पाणसळ खिडकीतून बाहेर गेली असती.

ताई गानवृंदात गायची. पुढच्या ओळीत, डावीकडून पहिली. गाणं तिला शब्दांसाठी आवडे. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी तिला दिलेला शब्द पाळायचं ठरवलं: तुझ्या गाण्यांसाठी असे स्पीकर घेईन, की गाणारा खोलीत येऊन बसला पाहिजे. जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर येणारे, लाकडी.

मग सुरू झाला तो शोध की काय विचारता! मुलीसाठी स्थळं पाहतानासुद्धा त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. स्पीकर मोजून काढलेले आलेख त्यांनी छापून आणले. रेघ सपाट म्हणजे स्पीकर प्रामाणिक, जाड-बारीक सगळे आवाज सारखेच देतो. कुठे उंचवटा आला की तो पदरचं घालून बोलणारा. दुकानात आम्ही तिघं गेलो. भाऊजींनी आवाज मोजायचं यंत्र बरोबर नेलं होतं आणि प्रत्येक जोडी सारख्याच मोठ्या आवाजात वाजवायला लावली. "जो मोठ्यानं वाजतो तो गोड वाटतो," ते मला म्हणाले, "माणूस तिथंच फसतो." विक्रेता घामाघूम झाला होता.

ताई मात्र मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. एका जोडीवर तिनं मान डोलावली. "ही. हिच्यात ओळीच्या शेवटचा 'स' ऐकू येतो. गाणारीचा श्वाससुद्धा."

भाऊजींनी आलेख पाहिला. सर्वांत सपाट रेघ त्याच जोडीची होती. ते इतके खूश झाले की दुकानात सगळ्यांदेखत त्यांनी ताईच्या पाठीवर थाप मारली. त्यांचं लग्न झाल्यापासून मी हे पहिल्यांदाच पाहिलं. विक्रेता गोदामातून नवी जोडी काढू लागला, तर हे म्हणाले, "छे! जी ऐकली तीच हवी. मापलेली वस्तू सोडून बिनमापाची कोण घेईल?" ऐकवायला ठेवलेलीच जोडी खोक्यात भरून घरी आली.

घरी पहिलं गाणं लागलं आणि ताई म्हणाली, "अहो, हे ते नव्हेत."

"तेच आहेत."

"शब्द कुठं गेले? तोंडावर पांघरूण घेऊन गातेय असं वाटतंय."

भाऊजींनी मागचा क्रमांक तपासला, भिंतीपासूनचं अंतर टेपनं मोजलं, डोळे मिटून ऐकलं. "काय गोडवा आहे! अगदी दुकानातल्यासारखाच! स्पीकर तेच, रेघ तीच." मग ताईकडे वळून, अगदी मायेनं, ते म्हणाले, "वय झालं की होतं असं. तुझ्या कानांचं बघायला हवं."

मायेनं बोललेलं जास्त लागतं. भांडून म्हणाले असते तर ताईही भांडली असती. पण कानसेननं निदान केलं होतं आणि त्याचं निदान आजवर चुकलं नव्हतं. ताईनं ते मुकाट्यानं मानलं.

त्यानंतर ती बदलली. कुणी बोललं की, ऐकू आलेलं असूनही, "काय म्हणालात?" असं विचारायची आणि लगेच ओशाळायची. मी तिथं असले आणि फोन वाजला, की मला उचलायला लावायची. घरी पाहुणे यायचे, भाऊजी त्यांना गाणी ऐकवत सपाट रेघेवर प्रवचन द्यायचे (कानसेनापुढे आवाजाला नावं कोण ठेवणार, पाहुणे काय नि मी काय!), आणि ताई चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन बसायची. कुणी विचारलंच तर भाऊजी हळूच सांगत, "तिला आता कमी ऐकू येतं." ती ते भिंतीआडून स्वच्छ ऐकायची! आणि तरी आम्हा दोघी शहाण्या बहिणींच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, "कशाला? जे आहे ते आहे."

मग तिनं गानवृंदच सोडला. "माझा सूर मलाच नीट ऐकू येत नसेल, तर शेजारणीला कशाला बिघडवू?" ती मान खाली घालून मला म्हणाली. आयुष्यात कधी कुणाचं काही न बिघडवलेली बाई!

मी घर बदलत होते, म्हणून एका सकाळी त्यांच्याकडे रिकामं खोकं मागायला गेले. भाऊजी खोकी टाकत नाहीत. स्पीकरचं खोकं माळ्यावर होतं. मी ते उलटं करून झटकलं, तर थर्माकोलच्या खाचेतून एक छोटी पिशवी पडली. आत चार पितळी पट्ट्या, बोटाएवढ्या.

"हे काय हो?"

भाऊजींनी पिशवी घेतली आणि पट्ट्या तळहातावर ओतून दोनदा मोजल्या.  मग त्यांनी मला स्पीकरच्या मागे नेऊन दाखवलं. वायर जोडायच्या खुंट्यांच्या तिथं दोन जोड्या असतात: खालची जाड आवाजांसाठी, वरची बारीक आवाजांसाठी. दुकानात दोन्हींना वेगवेगळ्या वायरी होत्या, म्हणून वरच्या-खालच्या खुंट्या एकमेकींना जोडणाऱ्या या पट्ट्या काढून ठेवलेल्या. घरी भाऊजींनी एकच वायर आणली आणि खालच्या खुंट्यांना जोडली. वरच्या मोकळ्याच राहिल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे वरचे बारीक आवाज वाजतच नव्हते. मुळीच नाही. शब्दांच्या कडा तिथंच असतात."

नवी जोडी घेतली असती तर पट्ट्या कारखान्यातूनच लावून आल्या असत्या. पण आमच्या कानसेनला मापलेली वस्तू हवी होती ना! मी तोंड उघडलं होतं, चांगलं फैलावर घेणार होते. पण त्यांचा चेहरा पाहून मी स्पीकर पुढे ओढायला हात दिला.

त्यांनी पट्ट्या लावल्या.  गाणं लावलं आणि डोळे मिटले. मी तर उडालेच. गाणारी खरंच खोलीत आली होती. स्वयंपाकघरातून ताई ओल्या हातांनी धावत आली.

"अहो! शब्द ऐकू येताहेत! सगळे! माझे कान... माझे कान बरे झाले की काय हो?"

ती रडत होती आणि हसत होती. भाऊजींनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "फरक पडला?"

तेव्हा मला कळलं. त्यांना काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांच्या कानांतून बारीक आवाज कधीच निघून गेले होते. सगळ्या जगाची मापं काढली, तेवढं एक राहिलं.

लपवता आलं असतं. ताई इतकी आनंदात होती, की तिनं काही विचारलंही नसतं. पण त्यांनी रिकामी पिशवी तिच्या ओल्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुझे कान कधी बिघडलेच नव्हते. चूक माझी होती. आणि बहिरा मी आहे." ताईनं पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या तालमीला भाऊजी तिच्या आधी जाऊन गानवृंदासमोर उभे राहिले. सगळ्या बायका बघत होत्या. "हिला ऐकू येत नाही, असं मी लोकांना सांगितलं. ते खोटं होतं. हिला परत घ्या." कान लाल झाले होते, पण सांगितलं. पुढच्या ओळीतली तिची जागा एव्हाना दुसरीला गेली होती. ताईला मागे उभं राहावं लागलं. ती वही उघडून तिथं उभी राहिली.

गाणं सुरू झालं. आम्ही दोघं भिंतीशी खुर्च्यांवर बसलो होतो. भाऊजी पुढे वाकून, कानामागे हात धरून ऐकत होते. "शेवटचा 'स'," त्यांनी मला विचारलं, "म्हणताहेत का गं?"

"म्हणताहेत. ताईचा तर इथपर्यंत येतोय."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला आणि गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.