पक्क्या रंगाचा साल्व्हिया

आमच्या घरात डोळ्यांचा विषय काढायचा नसतो. आमचे पूर्वज रंगारी. म्हैसुरात येऊन त्यांनी किती पिढ्या कापडं रंगवली ते कुणालाच नक्की माहीत नाही, पण रंगाची पारख आमच्या रक्तात आहे यावर घरात एकमत आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आयुष्यात एक रुमालही रंगवला नाही. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले. तरीही नात्यातल्या लग्नाची साडी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घेतली जात नाही. ते साडी दारात उजेडाला धरतात, डोळे बारीक करतात आणि "कच्चा" किंवा "पक्का" एवढंच म्हणतात. या एका शब्दापायी लग्नघरात रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत.

त्यामुळे "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, उशीर कराल तर ऑपरेशन अवघड होईल," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अप्पांनी डॉक्टरच बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. मग अप्पांनी विषय बदलला. "दसरा होऊ दे, मग बघू," म्हणाले. कुठला दसरा ते सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आधी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, घरोघरच्या बागांची स्पर्धा होते. बक्षीस फुटकळ असतं, पण त्यासाठी सभ्य माणसं एकमेकांच्या कंपाउंडमध्ये माना घालून डोकावतात. आमच्या फाटकापासून पायरीपर्यंत लाल साल्व्हियाच्या कुंड्यांची रांग असते आणि ती रांग म्हणजे अप्पांची अब्रू. यंदा त्या रांगेवर मावा पडला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या हिरव्या किडी कोवळ्या शेंड्यांना दाटीने चिकटलेल्या, पानं वळलेली, आणि खालून वर मुंग्यांची ये-जा.

"अप्पा, मावा पडलाय," मी म्हटलं.

अप्पा वाकले, शेंड्यापर्यंत नाक नेलं. "कुठाय? सुम्ने, उगीच काहीतरी बोलू नको. कळ्या आहेत त्या."

"कळ्या चालतात का?"

"वारा आहे नोड, बघ."

पानं चिकट लागली तर शेजारच्या पोरांनी सरबत सांडलेलं असायचं. शेंडे वाळले तर नळाचं पाणी खराब. अप्पांकडे सगळ्याला उत्तर होतं. मावा कबूल केला की तो आपल्याला दिसत नाही हेही कबूल करावं लागणार, हे त्यांना आमच्याइतकंच कळत होतं. मला राग येत होता, आणि रागाखाली भीती होती. पायरी उतरताना ते आता आधी पायाने चाचपून बघत.

मी लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपाय विचारला. एकाने आंबट ताक सांगितलं, एकाने तंबाखूचं पाणी, एकाने गुलाबाच्या चित्रावर सुप्रभात पाठवलं. शेवटी आई म्हणाली, साबणाचं पाणी मार, वर दोन थेंब कडुनिंबाचं तेल. मी बाटली भरून बाहेर आले तर अप्पा कुंड्यांपुढे आडवे उभे.

"सोप हाकू नको! साबणाने रंग उतरतो."

"अप्पा, हे फूल आहे. कापड नाही."

त्यांनी धोतराचं टोक ओलं केलं, एक पाकळी त्यात दाबून चोळली. धोतरावर गुलाबी डाग पडला. "बघ, कच्चा रंग. सोप लागला की गेला," असं विजयी सुरात सांगून त्यांनी माझी बाटली जप्त केली.

"आंधळं दळतं..." आई आतून म्हणाली, आणि म्हणीचा पुढचा भाग तिने गिळला.

मावा मात्र निवांत चरत राहिला. स्पर्धेच्या आठवड्यात रांगेत नुसत्या काड्या उरल्या. त्या अप्पांनाही दिसल्या. पडले तरी नाक वर! "बियाणंच हलकं होतं. नवी झाडं आणू. लाल मी निवडणार, तू विटकरी उचलून आणशील."

बेळगोळ रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो. मी स्कूटर लावून आत येईपर्यंत अप्पांनी कुंड्या निवडून रिक्षात चढवल्याही होत्या. सगळ्या जांभळ्या. वांग्यासारख्या गर्द जांभळ्या. मी नर्सरीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "मोठ्या यजमानांनीच सेलेक्ट केलं, मॅडम." म्हैसुरात वडीलधाऱ्याला चूक दाखवणं हे चुकीपेक्षा मोठं पाप आहे. अप्पा मोजून-मापून म्हणाले, "पक्का." मीही म्हैसूरचीच. कुंड्यांचे पैसे दिले. घरी आईने कुंड्या पाहिल्या आणि ती कॉफी ठेवायला आत गेली.

परीक्षक म्हणून वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त बाई आल्या. अप्पा इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभे. "रंग बघा मॅडम," ते कन्नडमध्ये म्हणाले. "मी स्वतः निवडलाय."

बाई खरंच खूश झाल्या. "तुंबा चेन्नागिदे! फारच छान. सगळे केंपेच, लालच लावतात. या गल्लीत लाल पाहून पाहून डोळे दुखले. तुमचा एकट्याचा नेरळे, जांभळा. दृष्टी आहे तुम्हाला."

आई दारात थिजली. मी मुंग्यांकडे बघत राहिले. अप्पांचा हात कुंडीच्या काठावर होता, तो तिथेच राहिला.

"हौदु," ते म्हणाले. "केंपु फार कॉमन झालाय."

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, अभिनव रंगनिवडीसाठी. स्टीलचा डबा. शेजारी अभिनंदन करून गेले, तोवर अप्पा हसत होते. सगळे गेल्यावर ते पायरीवर बसले.

"तो मावा," त्यांनी विचारलं. "खरंच होता?"

"होता, अप्पा."

"खूप?"

"खूप."

"डॉक्टरला फोन लाव," ते म्हणाले. मग हळूच, "मला भीती वाटते गं." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आतून आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

ऑपरेशन दसऱ्याच्या आधीच झालं, आधी एका डोळ्याचं. अवघड गेलं, पण वेळेत झालं, असं डॉक्टर म्हणाले. दसऱ्याच्या रात्रीचा बन्नीमंटप मैदानावरचा मशालींचा कार्यक्रम अप्पांनी काळा चष्मा लावून टीव्हीवर पाहिला आणि प्रत्येक मशालीला आईला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच पायरी उतरले, पाय न चाचपता. कुंड्यांपुढे उभे राहिले. जांभळ्या फुलांकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मी पेपर खाली ठेवला. मग त्यांनी एक पान उलटलं.

"अरे, मावा आहे!" ते ओरडले. "केवढा मावा! या घरात कुणाला डोळे आहेत की नाही? सोप आण, सोप!"

"अप्पा, रंग उतरेल ना?"

त्यांनी पुन्हा एकदा त्या फुलांकडे पाहिलं.

"उतरू दे," ते म्हणाले. "हा उतरला तर बरंच होईल."